शिकारीच्या फोटोत कोण नसतं?

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय ‘ट्रॉफीसाठी शिकार : नीती की अनीती?’ असा छापला आहे. ट्रॉफी म्हणजे मारलेल्या जनावराचं शिंग, मुंडकं, कातडं, मिरवायला घरी नेलेलं. त्यावर मी बोलणार आहेच. पण आधी आपल्याला भरतपूरला जाऊन यावं लागेल, कारण या विषयावरचं माझं सगळं म्हणणं तिथल्या दगडांवर कोरलेलं आहे.

तुमच्यापैकी बरेच जण राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षी बघायला जाऊन आले असतील. आत देवळाजवळ शिलालेख आहेत. गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसं त्यांच्यावरून नजर फिरवतात आणि पुढे जातात. पुढच्या वेळी थांबा आणि नीट वाचा. तारीख, कोणाच्या भेटीनिमित्त, बंदुका किती, पाखरं किती. हिशेबाच्या वहीसारखे रकाने आहेत. सुरुवात १९०२च्या डिसेंबरातली, पाहुणे लॉर्ड कर्झन. १२ नोव्हेंबर १९३८च्या ओळीत व्हाइसरॉय लिनलिथगो आहेत आणि त्यांच्यापुढे आकडा आहे ४,२७३. हा एका दिवसाचा आकडा आहे. मध्य आशियातून, सायबेरियातून हिमालय ओलांडून आलेली बदकं, दिवस मावळेपर्यंत चार हजारांवर.

इतकी बदकं कोणी खाण्यासाठी मारत नाही. कोणाच्या पिकाची राखण करायलाही मारत नाही. पहिली शंभर-दोनशे पाडून झाल्यावर नेमबाजीचं समाधानही संपत असणार. मग उरतं काय? उरतो दगडावरचा आकडा. आदल्या पाहुण्यापेक्षा मोठा, आणि पुढच्याला मागे टाकता येऊ नये असा.

आता त्या दगडावर काय नाही ते सांगतो. नोव्हेंबरातल्या गार पाण्यात कमरेभर उतरून पडलेली पाखरं गोळा करणारी माणसं तिथे नाहीत. बसलेले थवे पुन्हा उठवणारे नाहीत. नावा वल्हवणारे, काडतुसांच्या पेट्या वाहणारे नाहीत. बंदुका मोजल्या, पाखरं मोजली, ही माणसं मोजली नाहीत. शिकारीची नीती तपासायची तर माझी पद्धत ही आहे : फोटोत किंवा दगडावर कोण आहे ते बघून झालं, की कोण नाही ते विचारायचं.

भरतपूरची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती पाणथळ जागा शिकारीमुळेच आहे. मूळचा सखल भाग, त्यात अजान बांधाचं पाणी वळवून राजांनी बदकांसाठी तळी राखली. शिकारीचा षोक नसता तर तिथे शेतं झाली असती. पक्षितज्ज्ञ सलीम अलींसारख्या माणसाला पुढे जे वाचवण्यासाठी धडपडावं लागलं, ते राजाच्या बंदुकीसाठी राखलेलं पाणी होतं. म्हणून ‘शिकारी तेवढा जंगलाचा शत्रू’ असं सरसकट बोलणाऱ्यांशी माझं पटत नाही.

माणूस शिकार का करतो, हेही आधी समजून घ्यायला हवं. इथे बुद्धपौर्णिमेला प्राणीगणनेसाठी पाणवठ्याच्या मचाणावर रात्र काढलेली मंडळी बसली असतील. त्यांना आठवत असेल, मध्यरात्रीनंतर कान कसे बदलतात. पानावर पाय पडला तर तो भेकराचा की डुकराचा, हे डोकं आपोआप ताडायला लागतं. वारा कुठून कुठे वाहतोय याची जाणीव कातडीला होते. चितळाचा ‘कॉल’, म्हणजे धोक्याचा आवाज, आला की पोटात गोळा येतो. हा आनंद खरा आहे, फार जुना आहे आणि शिकाऱ्यालाही तो असाच होतो. माग काढणाऱ्या, ताटकळत बसणाऱ्या, जनावराची खोड अभ्यासणाऱ्या माणसाला मी राक्षस म्हणणार नाही. ट्रॉफीवाल्याला मात्र एवढ्यावर भागत नाही. त्याला साक्षीदार लागतो. भिंतीवरचं शिंग लागतं, फोटो लागतो, मोजमाप लागतं.

मोजमापावरून एक गंमत. वाघाची लांबी मोजायच्या दोन रीती होत्या. एक, नाकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंटी ठोकायची आणि मधलं सरळ अंतर मोजायचं. दुसरी, पाठीच्या वळणावरून टेप फिरवत न्यायची. दुसऱ्या रीतीने वाघ काही इंच वाढतो. त्यामुळे वाघ किती फुटी, हे ऐकल्यावर जाणकार लगेच विचारायचा, खुंटीवर की वळणावरून? व्हाइसरॉयच्या वाघासाठी तर अकरा इंचांना फूट धरणारा टेप असायचा, असा किस्सा शिकारी मंडळी रंगवून सांगत. किस्सा खरा-खोटा कसाही असो, हसणाऱ्यांना तो पटत होता, हे महत्त्वाचं. लंडनच्या रोलंड वॉर्डने १८९२ पासून शिंगांच्या इंचांची नोंदवहीच छापायला घेतली. म्हैसूरला व्हॅन इंगेन मंडळींचा कारखाना होता. तिथे वाघ-बिबट्यांची मुंडकी आणि कातडी हजारोंनी पेंढा भरून तयार व्हायची. मारण्याच्या मागे केवढा मोठा व्यवहार उभा होता, याची यावरून कल्पना येईल.

आता हाक्याबद्दल, म्हणजे गलका करून जनावराला शिकाऱ्याकडे हाकलण्याबद्दल बोलतो. हे मला मनापासून बोलायचं आहे. जुन्या अल्बममधला ठरलेला फोटो तुम्ही पाहिला असेल. वाघ आडवा, त्याच्या डोक्यावर किंवा पाठीवर बूट, हातात रायफल. त्याआधीच्या काही दिवसांत काय काय झालं? गावातून रेडकू आणून रानात बांधलं गेलं. ते कोणाचं, त्याचे पैसे मिळाले का, याची नोंद फोटोत नाही. वाघाने ते मारल्यावर पहाटे खबर घेऊन पळत येणारा माणूस होता. मग आसपासच्या गावांतून माणसं गोळा केली, तीही बऱ्याचदा बेगारीवर. ढोल, डबे, काठ्या घेऊन त्यांनी ओळीने रान उठवलं. वाघ डावी-उजवीकडे फुटू नये म्हणून झाडांवर माणसं बसवली. साहेब मचाणावर. वाघ मचाणाच्या दिशेने निघाला तर साहेबाची गोळी, आणि मागे फिरला तर त्याच्यासमोर हातात डबा घेतलेला माणूस. जखमी वाघ झुडपात शिरला तर त्याच्या मागावर पुढे कोण जायचं, हे वेगळं सांगायला नको. जिवाची जोखीम हाकेवाल्यांची आणि फोटो मचाणावरच्याचा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. कर्झन भरतपूरला यायच्या जेमतेम महिनाभर आधी, नोव्हेंबर १९०२मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत अस्वलाच्या शिकारीला गेले होते. अस्वल झाडाला बांधलेलं होतं. बांधलेल्या जनावरावर मी गोळी झाडणार नाही, असं रूझवेल्ट म्हणाले. त्यावर व्यंगचित्र निघालं, त्यावरून आणि रूझवेल्टच्या ‘टेडी’ या टोपणनावावरून ‘टेडी बेअर’ हे खेळणं आलं. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पुढची फारशी सांगत नाहीत. ते अस्वल जखमी होतं, आणि रूझवेल्टच्याच सांगण्यावरून सुऱ्याने त्याला संपवलं गेलं. त्याचा माग काढणारा, आपली कुत्री वाचवायला त्याला बंदुकीच्या दस्त्याने हाणून दोरखंडाने जखडणारा माणूस म्हणजे हॉल्ट कॉलियर. गुलामीत जन्मलेला कृष्णवर्णीय, त्या भागातला अव्वल शिकारी. सगळी करामत त्याची. खेळण्याला नाव मिळालं ते मात्र पाहुण्याचं.

आता आपल्या घरातलं बघू. आजच्या छत्तीसगडातल्या सरगुजा संस्थानच्या महाराजांच्या नावावर हजाराहून अधिक वाघ सांगितले जातात. शेजारच्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी १९४७मध्ये रात्री मोटारीच्या झोतात तीन चित्ते मारले. भारतातल्या शेवटच्या चित्त्यांमध्ये त्यांची गणना होते. ही हकीकत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) या निसर्ग-अभ्यास संस्थेच्या जर्नलकडे आली, तेव्हा संपादकांनी ती छापली, पण सोबत आपला संतापही छापला. महाराजांना त्यापलीकडे कसली झळ पोचली नाही. त्याच काळात आपल्या माळरानांवर तित्तिर आणि लावे फाशात धरून पोट भरणारा पारधी होता. इंग्रजांनी १८७१पासून ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारायला घेतला, त्यांत पुढे पारधी आले. १९५२मध्ये तो कायदा गेला, शिक्का गेला नाही. १९७२चा वन्यजीव कायदा आला. तो हवाच होता, त्याच्याशिवाय आज वाघ दिसला नसता. पण त्या कायद्याने राजाचा षोक बंद झाला आणि पारध्याचं पोट. पुढे राजाने शिकारगाहीच्या जागी हॉटेल काढलं. पारध्याला आजही कुठे काही झालं की पहिल्यांदा पोलीस ठाण्यात नेतात. वाघांच्या चोरट्या शिकारीत टोळ्या असतात आणि त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण त्यासाठी अख्ख्या जमातीला संशयित ठरवणं मला मान्य नाही.

आणि भरतपूरचा शेवट ऐका. केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८२मध्ये आतली गुरचराई एकदम बंद केली. शेजारच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत होत्या. लोक चिडले, गोळीबार झाला, गावकरी मेले. जिथे चार हजार बदकं पाडणाऱ्यांचा सन्मान दगडावर कोरला, तिथेच म्हशी चारणाऱ्यांवर गोळ्या चालल्या. पुढे म्हशी नसल्यामुळे पाण्यात गवत माजलं आणि पाणपक्ष्यांचीच जागा आक्रसली. हे बीएनएचएसच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं पाहणी करून मांडलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. मूळ प्रश्नाला आता दहा मिनिटंच उरली आहेत, तेव्हा भराभर बोलतो.

२०१५मध्ये झिम्बाब्वेत ह्वांगे उद्यानाच्या हद्दीबाहेर सेसिल नावाचा सिंह मारला गेला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्याला कॉलर लावली होती. अमेरिकन दंतवैद्याने सुमारे ५० हजार डॉलर मोजले, आधी बाण मारला आणि जनावर तासन्‌तास जखमी राहिलं. जगभर आक्रोश झाला, मलाही चीड आली. पण त्या आक्रोशात ह्वांगेशेजारी राहणारी, सिंहाने गुरं नेलेली माणसं कुठे होती? तीही चौकटीबाहेरच.

उलट उदाहरण पाकिस्तानातलं. मारखोर हा मळसूत्रासारख्या शिंगांचा रानबोकड. देशभरासाठी वर्षाला १२ परवाने, तेही म्हाताऱ्या नरांचे. परदेशी शिकारी बोली लावतात. अलीकडे एका परवान्याला दोन लाख डॉलरच्या वर किंमत आली आहे. त्यातले ८० टक्के स्थानिक गावांना मिळतात. पूर्वी मांसासाठी मारखोर मारणारेच आता त्याची राखण करतात. २०१५मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला ‘धोक्यात’ या वर्गातून काढून ‘धोक्याच्या उंबरठ्यावर’ (निअर थ्रेटन्ड) या वर्गात आणलं. नामिबियाने १९९६च्या कायद्याने गावांच्या संघांना वन्यजीवांवर हक्क दिला आणि शिकारीचं उत्पन्नही. केनियाने १९७७मध्ये शिकार बंद केली, तरी पुढच्या चाळीस वर्षांत तिथले वन्यप्राणी सुमारे दोन-तृतीयांशाने घटले. कारणं वेगळी होती : कुंपणं, शेती, वाढलेली गुरं. पण नुसत्या बंदीने प्राणी वाचत नाहीत, एवढं त्यातून दिसतं. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेला सिंह कुंपणात सोडून मारतात. तिथे ना माग आहे, ना जोखीम, ना गावाचा फायदा. ते निखालस पाप आहे, आणि ते बंद करण्याची पावलं तिथलं सरकारही उचलत आहे.

माझं मत विचाराल तर मी स्वतः मारखोरावर गोळी झाडू शकणार नाही. पण पाकिस्तानातल्या चित्रालचं एखादं गाव स्वतः आकडा ठरवून, पैसा स्वतः घेऊन एक म्हातारा बोकड देत असेल, तर मुंबई-पुण्यात बसून त्याला नीती शिकवायचा अधिकार मी घेणार नाही. मधल्यामध्ये दलाल आणि अधिकारी पैसा खातात, गावाला हाडं मिळतात, तिथे माझा विरोध आहे. आफ्रिकेत असं अनेक ठिकाणी झालं आहे.

भारतात ट्रॉफीची शिकार पुन्हा सुरू करावी, असं मी अजिबात म्हणत नाही. वाघ १९७२च्या गणनेत १,८२७ होते, २०२२च्या अंदाजात ३,६८२ आले. हे मिळवलेलं घालवायचं नाही. पण चंद्रपूरकडे बघा. ताडोबात जिप्सीतून वाघाचा फोटो काढायला आपण हजारो रुपये मोजतो, आणि जंगलाभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या गावात शेतकरी रोही (नीलगाय) आणि डुकरांपासून धान राखायला रात्ररात्र जागल करतो, त्याच वाघाच्या धास्तीत. आपल्या कॅमेऱ्यातही तो कुठेच नसतो. गेटवर किती गाड्या सोडायच्या, पैसा कुठे जायचा, पिकाची आणि माणसाची भरपाई किती दिवसांत द्यायची, डुकरं मारायची परवानगी कोणी द्यायची, हे ठरवणाऱ्या बैठकीत जागलीवरचा माणूस मताच्या अधिकारासह बसला पाहिजे. निमंत्रित म्हणून कोपऱ्यात बसवलेला चालणार नाही. या सभागृहात वनखात्याचे काही जण आहेत, त्यांना मी हे थेट विचारतो आहे. उत्तर आजच, प्रश्नोत्तरांच्या वेळात द्यावं.