टँकरचा हिशेब मागताना

मित्रहो, इथे न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचं घर ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत आहे. कुणाचं घोडबंदर रोडला, कुणाचं खारघरला. घराला कुलूप असलं तरी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपण हजर असतो. तिथल्या भांडणांत आपलाही वाटा असतो, म्हणून हा विषय.

उन्हाळ्यात टँकर सुरू होतात, मेंटेनन्स वाढतो आणि इथून कुणीतरी लिहितं, "पैसे जातात कुठे? कमिटी झोपलीय का?" याला उत्तरच देता येत नाही. बिनपगारी काम करणारे सचिव काहीही म्हणाले तरी तो बचावच वाटतो. चारजण अंगठे दाखवतात, पाचवा पार्किंगचं जुनं प्रकरण उकरून काढतो, टँकर राहतो बाजूला. त्याऐवजी विचारा: "एप्रिलमध्ये किती टँकर आले, किती लिटरचे, दर काय, हे बिलांसह रविवारपर्यंत कळवाल का? बी विंग, १२०३." याचं उत्तर आकड्यांतच द्यावं लागतं. गोड बोलून विषय सोडून द्या, असं नव्हे. गैरव्यवहार असेलच तर तो या दुसऱ्या प्रश्नाने उघडा पडतो.

"नाव घेत नाही, पण काही लोकांना..." हा प्रकार शिवीपेक्षा वाईट. शिवी एकाला लागते. इथे दहा घरांना आपल्यालाच टोमणा मारला असं वाटतं. एकाबद्दलची तक्रार त्या एकालाच, खासगीत लिहावी.

समोरासमोर "बघा जरा" म्हणताना आवाज मऊ असतो. लिहिलेलं "बघा" मात्र हुकूम वाटतं. "बघाल का?" लिहा. जिन्यात ज्यांना काका म्हणतो, त्यांना ग्रुपवर "सेक्रेटरी, उत्तर द्या" कशाला?

वेळही पाहा. न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारी २ वाजता पाठवलेला मेसेज ठाण्यात रात्री साडेअकराला पोहोचतो आणि झोपमोड झालेला माणूस तसंच उत्तर देतो. तोच मेसेज आपल्या रात्री साडेदहाला पाठवा. तिकडे सकाळचे ८ वाजलेले असतात. मधल्या वेळात आपलाही राग निवतो. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. पुढे तो डिलीट करता आला, तरी तोवर स्क्रीनशॉट फिरलेला असू शकतो.

अ‍ॅडमिन घाबरून असतात. सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तरीही अपमानकारक मेसेज त्यांनी काढावा, आणि का काढला तेही सांगावं. 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' हे एखाद्या रात्रीपुरतं ठीक. महिनोन्महिने तसंच ठेवलं की तोच राग लिफ्टमध्ये निघतो.

ग्रुपवर विचारून हिशेब मिळाला नाही, तर तिथे चौथ्यांदा विचारू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सभासदाला लेखी अर्ज करून, शुल्क भरून कागदपत्रांच्या प्रती मागता येतात. अर्ज सोसायटीच्या कार्यालयात द्या, तारीख घाला, पोच घ्या.