कबड्डीचं सोनं राखणं सोपं कधी होतं?

नमस्कार मंडळी. विषय दिलाय 'विजेतेपद राखताना', आणि बहुतेक सगळ्यांना वाटत असणार की मी नीरज चोप्रावर बोलणार. बोलतो, पण दोनच मिनिटं, कारण माझा जीव कबड्डीत आहे. नीरजला टोकियोत 2021 मधे सोनं मिळालं 87.58 मीटरवर. पॅरिसला 2024 मधे त्याने भाला टाकला 89.45, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन मीटर लांब, आणि हातात आलं रौप्य, कारण पाकिस्तानच्या अर्शद नदीमने 92.97 मारून विषयच संपवला. नीरज कुठे कमी पडला? कुठेच नाही. तो सुधारला, दुसरा त्याच्याहून जास्त सुधारला. एवढं डोक्यात ठेवा, आता कबड्डी.

एशियाडमधे कबड्डी पदकासाठी आली 1990 ला, बीजिंगमधे. तिथपासून 2014 च्या इंचॉनपर्यंत पुरुषांची सातच्या सात सोनी आपली. महिलांची कबड्डी 2010 ला आली, ती दोन्ही सोनीही आपलीच. त्यामुळे आपल्याकडे काय झालं, की कबड्डीचं सोनं पथक विमानात बसायच्या आधीच पदकतक्त्यात धरायची सवय लागली. पेपरात हॉकी हरली तर अग्रलेख, कबड्डी जिंकली तर आतल्या पानावर चार ओळी. आणि आपण महाराष्ट्रातले लोक तर काय, हुतुतू आमचा, 1936 ला बर्लिन ऑलिंपिकमधे प्रात्यक्षिक दाखवायला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं गेली होती, वगैरे वगैरे. सगळं खरं आहे हो, पण त्याने मॅटवर गुण मिळत नाहीत.

इंचॉनची फायनल कुणी बघितली होती? 27-25. इराण. मध्यंतराला आपण मागे होतो. तिथेच कळायला हवं होतं, पण सोनं आलं ना गळ्यात, मग कोण बघतंय कसं आलं ते.

त्याच वर्षी प्रो कबड्डी ही आपल्याकडची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि पुढे इराणचे, कोरियाचे गडी आपल्याकडे राहून खेळायला लागले. इराणचा फजल अत्राचली 2015 ला यू मुंबा संघाकडून आला, डावा कोपरा. आता डावा कोपरा म्हणजे काय ते बघा, जे कबड्डी नुसती टीव्हीवर येताजाता बघतात त्यांच्यासाठी सांगतो. चढाई करणारा बहुतेक वेळा बोनस रेषेकडे, म्हणजे जादा गुण देणाऱ्या रेषेकडे, पाय टाकतो तेव्हा त्याचं वजन एका क्षणासाठी एकाच पायावर असतं. कोपरारक्षक त्या क्षणाची वाट बघत बसलेला असतो, घोटा धरतो, आणि बाकीचे तिघं धावून येतात. पण हा क्षण प्रत्येक चढाईपटूचा वेगळा. कुणी आधी खांदा हलवतो, कुणी उजवीकडे दोनदा फसवून तिसऱ्यांदा खरा जातो, कुणी दमला की हात लावायलाच जात नाही. हे कळायला तो माणूस रोज सरावात समोर लागतो. फजलला, अबुझर मिघानीला, कोरियाच्या जांग कुन लीला आपले गडी सीझनभर समोर, शेजारी, जेवणाच्या टेबलावर मिळाले. आपल्या राष्ट्रीय संघाला दोन मोठ्या स्पर्धांच्या मधे धड सामने तरी असतात का? शिबिर लागतं, आपसात खेळतात, आणि आपसात खेळून आपण आपल्यालाच हरवायला शिकतो.

आणि मग 2018, जकार्ता. गटात कोरियाने 24-23 ने हरवलं, एशियाडमधला आपल्या पुरुषांचा पहिलाच पराभव. उपांत्य फेरीत इराणने 27-18. अजय ठाकूर कर्णधार, संघात आपले रिशांक देवाडिगा, गिरीश इरनाक, म्हणजे कागदावर बघितलं तर कुणीही म्हणेल हे हरणार नाहीत. ती मॅच मी नंतर पुन्हा बघितली तेव्हा जाणवलं, इराणने काही अफाट केलं नाही, ते फक्त घाई करत नव्हते. आपण करत होतो. जो पिछाडीवर कधी राहिलेलाच नाही त्याला पिछाडीवर खेळायचं कसं हेच माहीत नसतं, चार गुणांनी मागे पडलो की लगेच एका चढाईत चार आणायला निघतो आणि पाचवा देऊन येतो.

दुसऱ्या दिवशी महिलांची फायनल, परत इराण, 27-24, तेही गेलं. आणि इराणच्या मुलींची कोच कोण, तर नाशिकच्या शैलजा जैन! फारसी शिकल्या, पोरींना योगासनं, प्राणायाम करायला लावला आणि भारताला फायनलमधे हरवलं, आपल्या सोनाली शिंगटे, सायली केरीपाळे पलीकडच्या बाजूला असताना. मला अजून लोक विचारतात, मराठी बाई असून इराणला कशी काय शिकवायला गेली? अहो, वस्ताद काय आखाड्यात आलेल्या पोराला गाव विचारून डाव शिकवतो? आता म्हणाल, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. ठेवत असेल, पण कबड्डीत आता राखून ठेवायला जागाच कुठे आहे, सगळं रोज रात्री टीव्हीवर चालू असतं, स्लो मोशनमधे. माझं स्पष्ट मत आहे, जकार्ता हे या खेळासाठी झालं ते बरं झालं. हे मी याआधी एका ठिकाणी बोललो तर एक काका उठून गेले होते, आज कुणी उठलेलं दिसत नाही, आभारी आहे.

म्हणून मला पुढच्या, चीनमधल्या हांगझू एशियाडची दोन सोनी आधीच्या कितीतरी सोन्यांपेक्षा मोठी वाटतात. ऑक्टोबर 2023. महिला पहिल्याच सामन्यात चायनीज तैपेईशी 34-34 बरोबरीत सुटल्या, फायनलला परत तोच संघ, आणि 26-25. एक गुण! भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक ते.

त्याच दिवशी पुरुषांची फायनल, इराण. आणि हा राडा तुम्हाला आठवत असेलच. 28-28, साधारण एक मिनिट शिल्लक, आपल्या पवन सेहरावतची करा किंवा मरा चढाई, म्हणजे गुण आणा नाहीतर बाद व्हा. पवन कुणालाही स्पर्श न करता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत गेला, म्हणजे तो बाद, याबद्दल वाद नाही. पण त्याच्या मागे इराणचे बचावपटूही लॉबीत गेले. जुन्या नियमाने तेही बाद, प्रो कबड्डीत चालतो त्या नव्या नियमाने चढाईपटू बाद झाला तिथेच खेळ थांबला. मग स्पर्धेला नियम कोणता लागू? पंचांनी एक निर्णय दिला, बदलला, परत बदलला, कधी हे मॅटवर बसले कधी ते, तासभर खेळ बंद. शेवटी निकाल आपल्या बाजूने लागला आणि 33-29. आपल्या संघात नगरचा अस्लम इनामदार, नाशिकचा आकाश शिंदे, पोरांनी सोनं आणलं, आनंद झाला, नाचलोही. पण एशियाडच्या फायनलला नियमपुस्तक कोणतं हे शेवटच्या मिनिटाला ठरत असेल तर लाज वाटायला हवी, आणि ती इराणला नाही, खेळ चालवणाऱ्यांना.

गंमत पुढे आहे. फायनल 7 ऑक्टोबरला. दोन दिवसांनी प्रो कबड्डीचा लिलाव, आणि इराणचा मोहम्मदरेझा शादलू, तो हांगझूत आपल्याला धरून पाडणारा, पुणेरी पलटणने घेतला 2 कोटी 35 लाखांना. पलटणचा कर्णधार कोण? अस्लम इनामदार. दोघांनी मिळून मार्च 2024 मधे पुण्याला पहिलं जेतेपद जिंकून दिलं, फायनलला हरियाणाला 28-25 ने हरवून.

आता 2026 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात जपानमधे आयची-नागोयाचं एशियाड आहे, आणि पुरुष-महिला दोन्ही सोनी राखायला आपणच उतरणार. समोर परत हेच लोक असतील, ज्यांना अस्लम कुठल्या पायावर वळतो हे पुण्यातच पाठ झालंय. तसं शादलू कधी उतावळा होतो हे अस्लमलाही पाठ आहे म्हणा.

चला, प्रश्न असतील तर घेऊ. फक्त तो लॉबीचा नियम कृपा करून मला परत विचारू नका.