चौकोनात न मावणारा सह्याद्री

सुरुवात वाईपासून करतो. पावसाळ्यात वाईच्या स्टँडवर तुम्ही छत्री मिटून एसटीत बसता. पसरणीचा घाट चढतो, पाचगणी मागे पडते, आणि वेण्णा तलाव येईपर्यंत खिडकीबाहेर धुकं आणि पाणी यापलीकडे काही दिसत नाही. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वाईला हजारसुद्धा नाही. हवामानाचं कॉम्प्युटर मॉडेल कुठे अडतं, ते मला या घाटाशिवाय सांगता येत नाही.

मॉडेल म्हणजे काय? सगळ्या वातावरणाचे ठोकळे पाडायचे. प्रत्येक ठोकळ्याला एकच तापमान, एकच दाब, एकच वारा, बाष्पाचा एकच आकडा. मग न्यूटनचे नियम आणि उष्णतेचा जमाखर्च लावून विचारायचं, काही मिनिटांनी काय होईल? आलेलं उत्तर हातात घेऊन पुन्हा तेच विचारायचं. पृथ्वीचं क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर. १०० किलोमीटर बाजूचे चौकोन आखले तर ५१ हजार होतात. त्यांवर ५० थर रचले की २५ लाखांवर ठोकळे.

हा हिशेब एका माणसाने हाताने करून पाहिला होता. लुईस फ्राय रिचर्डसन, पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर रुग्णवाहिका चालवणारा. टेबल म्हणून गवताचा ढीग. २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाचं, मध्य युरोपातलं, फक्त सहा तासांचं भाकीत. उत्तर आलं, दाब १४५ मिलिबारने वाढेल! प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास हलला नव्हता. गंमत म्हणजे समीकरणं बरोबर होती. सुरुवातीच्या नोंदींत वारा आणि दाब यांचा मेळ नव्हता. त्याने हे अपयश १९२२च्या पुस्तकात आकड्यांसकट छापलं. मला तो माणूस त्याच्या शोधापेक्षा या एका गोष्टीसाठी आवडतो. १९५०मध्ये एनियाक या सुरुवातीच्या संगणकावर पहिली भाकितं निघाली, तेव्हा २४ तासांच्या अंदाजाला साधारण २४ तासच लागले.

आता पुन्हा घाटात या. शंभर किलोमीटरचा एक चौकोन मुंबईपासून निघाला की पुण्याच्या जवळ येऊनच संपतो. त्याच्या पोटात कोकण, घाटमाथा आणि मावळ, आणि त्या सगळ्यांची मिळून उंची एकच, सरासरी. १६४६ मीटरचं कळसूबाई असल्या चौकोनांत कुठे सापडतच नाही. समुद्रावरून आलेला वारा ज्या भिंतीला थडकून वर चढतो आणि पाऊस टाकतो, ती भिंतच आपण सपाट करून टाकली. मग मॉडेल घाटावर कमी पाऊस देतं आणि पलीकडच्या कोरड्या पट्ट्यावर नको तितका उदार होतं.

ढगांचं तर विचारूच नका. पावसाचा ढग चौकोनाहून लहान, म्हणून तो मॉडेलला दिसत नाही. सरासरी बाष्प आणि तापमान पाहून ‘इथे ढग असणार’ असा तर्क करावा लागतो. आमच्या धंद्यात याला पॅरामीटरायझेशन म्हणतात. मी घरी त्याला उधारी म्हणतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला ७३. मधलं अंतर लोकलने पाऊण तासाचं. असल्या दिवशी उधारी अंगावर येते.

मग चौकोन लहान करा ना! करतो. पण बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, आणि वेळेचं पाऊलही निम्मं टाकावं लागतं, म्हणजे काम आठपट. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्का’ हा महासंगणक त्यासाठीच बसवला आहे. तिथेच घडलेलं ६ किलोमीटरचं ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५पासून चालू झालं. त्याआधीचं १२ किलोमीटरचं होतं.

दर व्याख्यानात एक हात वर होतो: तुम्हाला पंधरवड्यापुढचा पाऊस सांगता येत नाही, आणि शंभर वर्षांनंतरच्या तापमानाच्या गप्पा मारता? हे प्रश्न दोन आहेत. येत्या १४ जुलैला वाईत पाऊस पडेल का, हे मला आज ठाऊक नाही. पण जुलै मार्चपेक्षा ओला असेल यावर मी घर गहाण टाकीन. हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मनाबे यांनी १९६७मध्ये हवेचा एकच उभा खांब घेतला. ना सह्याद्री, ना समुद्र. त्यातला कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला. जमिनीजवळ सुमारे २.३ अंश तापमान वाढलं, आणि वर स्थितांबर, म्हणजे ढगांच्याही वरचा हवेचा थर, मात्र थंड झालं. सूर्य तापल्यामुळे उष्णता वाढली असती तर वरही तापलं असतं. पुढे फुगे आणि उपग्रह यांच्या नोंदींत नेमकं तेच दिसलं: खाली गरम, वर गार. मनाबेंना नोबेल मिळायला २०२१ उजाडलं.

गेल्या वर्षी जावळीतल्या एका शेतकऱ्याने मला विचारलं, “साहेब, तुमच्या त्या सहा किलोमीटरच्या चौकोनात माझं शेत कुठल्या कोपऱ्यात येतं?” मी कागदावर हिशेब केला. ३६ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास नऊ हजार एकर. त्याचं भात तीन एकर, तेही उतारावर. तो कागद घडी करून खिशात घालत म्हणाला, “मग अजून बरंच काम आहे की तुम्हाला.”