पाण्याचं बिल मीटरपाशी उभं राहून वाचावं

नमस्कार मंडळी. समोर कारखानदार आहेत, हॉटेलं आणि रुग्णालयं चालवणारे आहेत, ऑफिसच्या इमारती सांभाळणारेही आहेत. प्रत्येकाचा धंदा वेगळा असला तरी पाण्याच्या बिलाशी वागण्याची पद्धत मला सगळीकडे सारखीच दिसते. बिल येतं, अकाउंट्समधला माणूस मागच्या रकमेशी ताडून पाहतो आणि फार फरक नसेल तर भरून टाकतो. घोळ इथेच होतो. एखादी गळती दोन-तीन बिलं टिकली की तिच्यासकटचीच रक्कम ‘नेहमीची’ वाटायला लागते. मग ती कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही आणि वर्षानुवर्षं भरली जाते.

म्हणून बिल हातात आलं की रक्कम सगळ्यात शेवटी बघा. आधी मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, दोन्हींच्या तारखा आणि मीटरचा नंबर बघा. तो नंबर प्रत्यक्ष मीटरवर कोरलेल्या नंबराशी जुळतो का, हे एकदा स्वतः जाऊन तपासा. एका आवारात दोन-तीन कनेक्शनं असली की अदलाबदल होऊ शकते आणि शेजारच्या गाळ्याच्या पाण्याचे पैसे आपण भरत राहतो. रीडिंग खरंच घेतलंय की सरासरीने लावलंय, तेही बिलावर लिहिलेलं असतं. सरासरीचं बिल दोन्हीकडून नडतं. जास्त लावलं तर पैसे अडकतात. कमी लावलं तर गळती झाकली जाते आणि काही महिन्यांनी फरकाची मोठी रक्कम एकदम अंगावर येते.

आता आकारणीकडे वळू. दर आणि नियम जागोजागी वेगळे असले तरी सांगाडा बहुतेक ठिकाणी हाच असतो. एक स्थिर आकार, जो बऱ्याचदा मीटरच्या व्यासावर ठरतो. दुसरा वापराचा आकार, दर घनमीटरला म्हणजे दर १००० लिटरला. तिसरा सांडपाण्याचा. या तिसऱ्याकडे नीट बघा, कारण सांडपाणी मोजण्याचं मीटर सहसा नसतंच. आत आलं त्याचा ठरावीक हिस्सा गटारात गेला असं गृहीत धरून आकारणी होते. थोडक्यात, नळातून आलेल्या एका लिटरचे आपण दोनदा पैसे देतो, येताना आणि जाताना. कारखान्याचं सांडपाणी असेल तर काही ठिकाणी त्यातल्या घाणीच्या प्रमाणावरही आकार लागतो.

स्थिर आकाराबद्दल एवढंच सांगतो. धंद्याचं स्वरूप बदललं, धुलाई विभाग बंद झाला, अर्धी इमारत रिकामी झाली, तरी मीटर जुन्याच मापाचं राहतं. गरज २५ मिलिमीटरची असताना ५० मिलिमीटरच्या मीटरचा आकार भरणं हा निव्वळ तोटा आहे. मात्र माप कमी करण्याआधी सर्वाधिक मागणीच्या तासाचा प्रवाह मोजा आणि आग विझवण्याच्या व्यवस्थेचं पाणी त्याच लाइनवर आहे का, ते बघा.

आता मीटरपाशी चला. साध्या यांत्रिक मीटरच्या तबकडीवर काळे आकडे असतात, ते पूर्ण घनमीटर. त्यापुढचे लाल आकडे म्हणजे घनमीटरचे अपूर्णांक. बिल काळ्या आकड्यांवर निघतं, आपलं काम मात्र लाल आकड्यांशी आहे. शिवाय बऱ्याच मीटरांवर एक बारीक चांदणी किंवा त्रिकोणी चकती असते. अगदी थोडं पाणी गेलं तरी ती फिरते.

शेवटची पाळी सुटली, नळ बंद झाले, टाकी पूर्ण भरली की ही चकती थांबायला हवी. थांबत नसेल तर पाणी कुठेतरी चाललंय. लाल आकड्यांसकट रीडिंग लिहून घ्या आणि सकाळी पहिला माणूस आत येण्याआधी पुन्हा घ्या. मग शोध टप्प्याटप्प्याने घ्यायचा. पहिल्या रात्री टाकीकडे येणारा व्हॉल्व्ह बंद करा. तरीही मीटर फिरलं तर मीटर आणि टाकी यांच्यामधली, बहुधा जमिनीखालची लाइन गळते आहे. मीटर थांबलं तर टाकीची पातळी खडूने आखून तिचे बाहेर जाणारे व्हॉल्व्ह बंद करा. पातळी उतरली तर टाकीच गळते. नाही उतरली तर गळती इमारतीच्या आत आहे, आणि मग एकेक मजल्याचा, एकेक विभागाचा व्हॉल्व्ह बंद करत तिच्यापर्यंत पोचायचं. यात एक वाट हमखास नजरेतून सुटते. टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, नीट बसत नसेल तर जादा पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट गटारात जातं, कुणाला ओल दिसत नाही की आवाज येत नाही. ओव्हरफ्लोचं तोंड नेहमी येता-जाता दिसेल अशा जागी काढून घ्या. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

कारखाना तिन्ही पाळ्या चालत असेल तर शून्य प्रवाह कधीच मिळणार नाही. तिथे रात्रभर दर तासाला रीडिंग घ्या आणि सगळ्यात कमी निघालेल्या तासाला जाब विचारा. त्या तासात कोणती यंत्रं चालू होती, त्यांना किती पाणी लागतं, उरलेलं कुठे गेलं? मीटरला पल्स आउटपुट, म्हणजे मोजणीचे विद्युत संकेत बाहेर देण्याची सोय, असेल तर ते आपोआप नोंदवणारा साधा लॉगर हे काम झोप न मोडता करतो.

‘एवढीशी गळती, तिने काय होतंय’ असं म्हणणाऱ्यांसाठी हिशेब मांडतो. संडासाच्या फ्लश टाकीचं रबर झिजलं आणि मिनिटाला पाव लिटर पाणी भांड्यात उतरत राहिलं, तर दिवसाला ३६० लिटर जातं. वर्षाला १३१ घनमीटर! एवढ्या धारेने पृष्ठभाग जेमतेम हलतो, म्हणून ती दिसत नाही. टाकीत थोडा खायचा रंग टाका आणि फ्लश न करता १५-२० मिनिटांनी भांड्यात बघा. रंग उतरला असेल तर रबर बदला. याउलट सेकंदाला एक थेंब गळणारा नळ सगळ्यांना दिसतो, त्याची तक्रारही लगेच येते. पण एका मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरले तर तो दिवसाला चार-साडेचार लिटरच घालवतो. नळ दुरुस्त कराच, पण चुपचाप वाहणारं पाणी आधी शोधा.

असंच वाहतं पाणी मुताऱ्यांच्या आपोआप फ्लशचं. ९ लिटरची टाकी दर २० मिनिटांनी रिकामी होत असेल तर आठवड्याचे १६८ तास मिळून ४५३६ लिटर जातात. ऑफिसात माणसं त्यातले ५० तास असतात, म्हणजे गरज १३५० लिटरची. बाकीचं पाणी रिकामी इमारत वापरते. टायमर किंवा सेन्सर बसवला की प्रश्न मिटतो.

दाबाकडेही बघा. भोकातून निघणाऱ्या पाण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हा १७व्या शतकात इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेलीने मांडलेला नियम. दाब निम्मा केला की तेवढ्याच भोकातून जाणारं पाणी सुमारे ३० टक्क्यांनी घटतं. उंच इमारतीत खालच्या मजल्यांना गरजेपेक्षा बराच जास्त दाब मिळतो. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला तर नळांचा वापरही घटतो आणि अजून न सापडलेली गळतीही.

आता उत्पादनाकडे येऊ, कारण कारखान्याचं खरं पाणी तिथे जातं. प्लेटिंगचं, म्हणजे वस्तूला धातूचा मुलामा देण्याचं, उदाहरण घेतो. बाथमधून, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणाच्या टाकीतून, जॉब म्हणजे ती वस्तू वर काढली की तिच्या अंगाला द्रावण चिकटून येतं, ते धुवायला रिन्सची, म्हणजे खंगाळण्याची टाकी. समजा तासाला १ लिटर द्रावण असं ओढून येतं आणि ते हजारपट पातळ व्हायला हवं. एकाच टाकीत धुतलं तर तासाला सुमारे १००० लिटर ताजं पाणी सोडत राहावं लागतं. आता दोन टाक्या मांडा. ताजं पाणी शेवटच्या टाकीत येईल आणि तिथून उलट्या दिशेने पहिलीत जाईल, जॉब मात्र पहिलीतून दुसरीत. तेवढ्याच स्वच्छतेला आता सुमारे ३२ लिटर पुरतात, कारण प्रत्येक टाकीला हजारपट नाही, साधारण ३२ पट पातळ करायचं आहे. तीन टाक्या केल्या तर १० लिटर. मला हा हिशेब फार आवडतो. यंत्र महाग नाही, रसायन नवं नाही, फक्त पाण्याची दिशा बदलली. प्रत्यक्षात टाकीतलं मिश्रण इतकं आदर्श होत नाही, त्यामुळे आकडे थोडे वर जातील, पण फरक याच जातीचा राहतो. आणि धुण्याच्याही आधी, जॉब बाथवर अर्धा मिनिट निथळू दिला तर ओढून येणारं द्रावणच घटतं. मग पाणी वाचतं, रसायन वाचतं, सांडपाण्यातला धातूही कमी होतो. कापड धुण्यात किंवा बाटल्या खंगाळण्यात हेच तत्त्व चालतं.

दुसरी मोठी जागा कूलिंग टॉवर. टॉवर पाण्याची वाफ करून उष्णता बाहेर टाकतो. वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार मागे उरतात आणि साठत जातात, म्हणून थोडं पाणी सोडून द्यावं लागतं. तो ब्लोडाउन. टॉवरमधलं पाणी येणाऱ्या पाण्यापेक्षा कितीपट खारं होऊ द्यायचं, त्याला सायकल्स म्हणतात. दिवसाला १०,००० लिटरची वाफ होत असेल आणि सायकल्स २ असतील, तर ब्लोडाउनही १०,००० लिटर, म्हणजे एकूण २०,००० लिटर लागतात. सायकल्स ५ केल्या तर ब्लोडाउन २५०० वर येतो आणि एकूण गरज १२,५०० वर. साडेसात हजार लिटर रोज वाचले. पुढे १० सायकल्स गाठल्या तरी गरज ११,१०० लिटरच्या आसपास राहते, म्हणजे बचत थोडी आणि पपडीचा, गंजाचा धोका मोठा. त्यामुळे पाण्यातला कडकपणा आणि सिलिका तपासूनच आकडा ठरवा. ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह हाताने अर्धवट उघडा ठेवलेला असेल तर तिथे पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण मोजून उघडझाप करणारा कंट्रोलर बसवा. आणि पाणी वाचवण्याच्या नादात जंतुनाशकाचा डोस मात्र चुकवू नका, लीजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू अशाच कोमट पाण्यात वाढतो.

याच टॉवरच्या निमित्ताने बिलातला तिसरा भाग पुन्हा काढा. रोज वाफ होऊन गेलेले ते १०,००० लिटर गटारात गेलेच नाहीत. बागेला घातलेलं, मालात मिसळून बाहेर गेलेलं पाणीही गेलं नाही. टॉवरच्या मेकअप लाइनवर, म्हणजे त्याला नवं पाणी आणणाऱ्या लाइनवर, आणि ब्लोडाउनवर सबमीटर बसवा, रोजची नोंद ठेवा आणि सांडपाणी आकारात सूट मिळण्याची तरतूद आहे का, ते पाणीपुरवठा कार्यालयात लेखी विचारा. तरतूद असेल तिथे ती मागावी लागते, आपणहून कुणी देत नाही. मागताना तोंडी अंदाज चालत नाही, रीडिंग लागतात.

व्हॅक्यूम पंपासारख्या एखाद्या यंत्राचं थंडाव्याचं पाणी एकदाच फिरून गटारात जातं का, तेही बघा. मिनिटाला ५ लिटर म्हणजे दिवसाला ७२०० लिटर, आणि तेही बऱ्यापैकी स्वच्छ. ते फिरतं ठेवा किंवा दुसऱ्या कामाला वळवा. बॉयलर असेल तर कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, परत आणा, त्यात पाणी, रसायन आणि उष्णता तिन्ही असतात.

गरम पाण्याचा खर्च पाण्याच्या बिलात दिसतच नाही. १००० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला सुमारे ४६ युनिट ऊर्जा लागते, हीटरचा तोटा वेगळाच. म्हणून शॉवर, भांडी धुण्याचा स्प्रे आणि लाँड्री यांचा नंबर आधी लावा. नळांना एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळणारी जाळी, बसवणं स्वस्त आहे, करून टाका. फक्त बादली भरायच्या नळाला लावू नका, बादलीला पाणी तेवढंच लागतं, वेळ मात्र दुप्पट जातो आणि माणसं वैतागून जाळी काढून ठेवतात.

शेवटचा मुद्दा सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याच्या प्लँटचा, कारण मला तोच प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो. प्लँट जरूर घ्या, पण आज सांगितलेलं सगळं झाल्यावर. आज रोजचा वापर ५०,००० लिटर आहे आणि गळती, रिन्स, ब्लोडाउन सुधारून तो ३०,००० वर येणार असेल, तर आधीच घेतलेला प्लँट गरजेपेक्षा मोठा ठरतो. त्याची वीज, त्याची मेंब्रेन म्हणजे पाणी गाळणारे पडदे, त्याचा माणूस, सगळं कायमचं गळ्यात पडतं. सुधारणा झाल्यावर किमान एका उन्हाळ्याची आणि एका पावसाळ्याची रीडिंग घ्या. तो कागद समोर ठेवून मगच प्लँटवाल्याशी बोला. तो कागद न बघताच क्षमता सांगू लागला, तर दुसऱ्याकडून कोटेशन मागवा.