साठ की आठ?

(दृश्य : इचलकरंजी. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना यंत्रमाग. आवाज पूर्ण. अचानक लाइट जाते.)

ऐकलंत? लाइट गेली की इथं असं होतं. गल्ली एकदम मुकी. चहाच्या गाड्यावरची माणसं मात्र ओरडूनच बोलत राहतात.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासूनचा हा खडखडाट. नवीन पोरगं मागावर लागतं, पाळी संपवून बाहेर येतं, तेव्हा कानाला दडे बसलेले असतात. झोप झाली की मोकळे. दुसऱ्या दिवशी पुन्हा दडे. काही वर्षांनी ते पुरते सुटत नाहीत, आणि तोवर त्याचं काही वाटेनासं झालेलं असतं.

कानाच्या आत केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. आवाजाच्या माऱ्यानं त्या मरतात, पुन्हा येत नाहीत. आधी जातात ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर. गडगडाट ऐकू येतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. ‘साठ’ म्हटलं की ‘आठ’ ऐकू येतं. घरचे म्हणतात, मुद्दाम करतायत.

(दृश्य : मागांची रांग. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे.)

नियमाचं गणित सोपं आहे. ९० डेसिबल आवाजात दिवसाला जास्तीत जास्त आठ तास, ९५ मध्ये चार, १०० मध्ये दोन. धोट्याचे माग एका शेडमध्ये रांगेनं सुरू झाले की ९० ची रेघ मागं पडते. आणि पाळी बारा तासांची. कानात फार तर कापसाचा बोळा. कान झाकणारे मफ का नाही लावत, असं विचारलं तर मागवाले सांगतात, सूत तुटलेलं आम्हाला आवाजावरूनच कळतं. हे खोटं नाही.

आवाजानं आलेला बहिरेपणा हा कामामुळं होणारा रोग आहे, हे १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होतं, ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या कायद्यातही. नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही आहे. सलग सहा महिने तसं काम केलेल्याला हा रोग जडला, तर तो कामामुळंच झाला असं धरायचं. नसेल तर मालकानं दाखवून द्यायचं. ठार बहिरेपण म्हणजे कमाईची ताकद १०० टक्के गेली, दोन्ही हात गेल्याइतकीच.

कागदावर कामगाराची बाजू भक्कम. तरी नागपूरच्या खाण कामगार आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये नोंदवलंय, की भरपाईचा हक्क १९४८ पासून असूनही देशात पहिली भरपाई मिळाली ती १९९६ मध्ये.

अडतं कुठं? ‘सलग सहा महिने’ इथंच. हजेरीपटावर नाव नसेल तर सहा महिने मोजायचे कुठून?

(दृश्य : मागाचा हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींची वही.)

दिवाणजींच्या वहीत सगळं असतं. कुणी किती मीटर विणलं, किती पिकाचं (म्हणजे इंचाला आडवे धागे किती), कुठं डाग पडला, त्याची कपात किती. कापडाचा इतका काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या धंद्याला कानाचा एक कागद जड का व्हावा, हे मला अजून उमगलेलं नाही.

तो कागद म्हणजे पहिल्या तपासणीचा आलेख. कारखान्यांच्या नमुना नियमांनुसार, मर्यादेपेक्षा जास्त आवाजात काम करणाऱ्याचे कान कामावर लागल्यापासून १४ दिवसांत तपासायचे, पुढं दर बारा महिन्यांनी. रोग आढळला तर व्यवस्थापकानं आणि डॉक्टरनंही सरकारला कळवायचं. पहिला आलेखच नसेल, तर पन्नाशीतल्या माणसाला ‘वयानं झालंय’ म्हणून वाटेला लावणं सोपं जातं.

पण हे सगळं ‘कारखान्या’ला. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले की कारखाना, अशी जुनी व्याख्या. कामाच्या जागेच्या सुरक्षेची जी नवी संहिता आहे, तिच्यात वीस. मग आकडा खाली ठेवायला आठ माग थोरल्याच्या नावावर, आठ धाकट्याच्या, आठ वहिनींच्या. शेड एक, खडखडाट एक, कागदावर तीन धंदे.

(दृश्य : सरकारी दवाखाना. काचेची खोली. डोक्याला हेडफोन लावलेले एक मामा, हातात बटण.)

‘आवाज आला की दाबायचं, मामा.’

मामा मान हलवतात. पलीकडं यंत्र २००० वर जातं, मग ४००० वर. बाई आवाज वाढवतात. आणखी वाढवतात.

मामा बटणावर अंगठा ठेवून वाट बघतायत.