सीआरपी वाढलाय, पण कशामुळे?

पडद्यावर दिसतोय तो रक्ताचा रिपोर्ट. सीआरपी ४८, शेजारी नॉर्मल मर्यादा ५ पेक्षा कमी. जवळजवळ दसपट! असा रिपोर्ट हातात पडला की पोटात गोळा येतो, आणि ते साहजिकच आहे.

हा आकडा येतो यकृतातून. शरीरात कुठेही जंतू शिरले, हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा रासायनिक निरोप रक्तात सोडतात. तो पोचला की यकृत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी, झपाट्यानं बनवू लागतं. हे प्रोटीन जंतूंना आणि मेलेल्या पेशींना चिकटतं, म्हणजे त्यांचा फडशा पाडणाऱ्या पेशींना ते चटकन ओळखू येतात. जंतू किंवा इजेला शरीर देतं त्या या प्रतिक्रियेला दाह म्हणतात. तो फुप्फुसात आहे, सांध्यात आहे की हिरडीत, हे मात्र या आकड्यातून कळत नाही.

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना हे प्रोटीन सापडलं, न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. रुग्ण बरा होऊ लागला की ते दिसेनासं व्हायचं. मला या चाचणीचं खरं मोल इथेच दिसतं.

दाह सुरू झाल्यावर साधारण ६ तासांत सीआरपी चढू लागतो, दोनेक दिवसांत कळस गाठतो. मूळ कारण आटोक्यात आलं, की रक्तातलं प्रमाण साधारण दर १९ तासांनी निम्मं होतं. म्हणून एका रिपोर्टपेक्षा दोन रिपोर्ट जास्त बोलतात. १२० वरून ४८ वर आलेला माणूस सुधारतोय. १२ वरून ४८ वर गेलेल्याकडे लगेच लक्ष द्यायला हवं. आकडा तोच, ४८.

तुलना करताना एकक जरूर बघा. एक लॅब लिटरमागे मिलिग्रॅम देते, दुसरी डेसिलिटरमागे. तेच ४८ दुसरीकडे ४.८ छापून येतं, आणि घरात उगाच आनंदीआनंद होतो.

सोबत बहुधा दाहाचाच अंदाज देणारा दुसरा आकडा, ईएसआर असतो. उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसल्या, ते त्यात मोजतात. तो वयानुसार, गरोदरपणात, रक्त कमी असतानाही वाढतो, आणि आजार गेल्यावरही कित्येक आठवडे रेंगाळतो.

सीआरपीची किरकोळ वाढ साध्या सर्दीत, लठ्ठपणात, धूम्रपानानंही होते. लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या वर गेला तर बहुतेकदा जिवाणूंचा मोठा संसर्ग निघतो. तिथे वाट बघू नये.

उलट बाजूही आहे. ल्यूपससारख्या, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारात दाह असूनही सीआरपी बरेचदा फारसा वाढत नाही. संधिवातासाठी टोसिलिझुमॅब घेणाऱ्यांत तर इंटरल्यूकिन-६ चा निरोपच अडवलेला असतो, त्यामुळे गंभीर संसर्गातही आकडा खालीच राहू शकतो. हे औषध चालू असेल आणि ताप आला, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी डॉक्टरांना त्याच दिवशी गाठा, आणि औषधाचं नाव आधी सांगा.