चीज किती, ते आधी सांगा

(दादरच्या एका महिला मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

येताना स्टेशनबाहेरच्या बेकरीतून ही दोन पाकिटं घेऊन आले. पहिल्यात साधे पिझ्झा बेस, दोन नग, २०० ग्रॅम. पुढच्या रांगेपासून फिरवते, पण चष्मा लावून वाचा, अक्षरं मुंगीएवढी आहेत. घटकांच्या यादीचा नियम असा, की वजनाने जे जास्त ते आधी छापायचं. इथे पहिला शब्द मैदा. मग साखर, तेल, यीस्ट, मीठ आणि शेवटी २८२ हा आकडा. तो कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशी धरू नये म्हणून घालतात. पाकिटातल्या ब्रेडमध्येही असतो, त्याला भिऊ नका. दुसरं पाकीट 'मल्टिग्रेन'. रंग छान तपकिरी, किंमत जास्त. त्यातही पहिला शब्द मैदाच, आणि नाचणी मिठाच्याही नंतर! म्हणजे मिठाहून कमी. आता किती असेल, ते तुम्हीच ठरवा.

मी शाळेत गृहविज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यापासून पिझ्झ्याबद्दल एकच प्रश्न ऐकते आहे: "बाई, मैद्याऐवजी काय घालू?" चीज किती घालू, असं आजवर एकीनेही विचारलेलं नाही. म्हणून आज हिशोबच मांडते.

आपल्या उडुपी हॉटेलातला तव्यावरचा पिझ्झा डोळ्यांसमोर आणा. १०० ग्रॅमचा बेस, म्हणजे साधारण २७० कॅलरी. त्यावर केचप, कोबी, सिमला मिरची आणि चीजचे चार क्यूब किसून. २५ ग्रॅमचा एक क्यूब, म्हणजे झालं १०० ग्रॅम. त्याच्या ३१०च्या आसपास कॅलरी, आणि त्यात सुमारे २५ ग्रॅम नुसती चरबी. कडेने सोडलेलं बटर १० ग्रॅम धरलं, तर आणखी ७०. बेसपेक्षा वरचा ऐवजच भारी! आता बेस मैद्याचा काढून नाचणीचा घातला आणि वरचं तसंच ठेवलं, तर वजनकाट्याला काय फरक पडणार? फायबर मात्र वाढतं, ते नाकारत नाही. १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम असतं, मैद्यात तीनच्याही आत. पोटासाठी ते चांगलंच. पण मधुमेह असलेल्यांनी एक लक्षात ठेवा, बारीक दळलेल्या कणकेने रक्तातली साखर मैद्यापेक्षा फार सावकाश चढते, असं धरून चालू नका. तिथे तुकडे मोजायचे.

मिठाचंही तेच. प्रोसेस्ड चीजमध्ये मीठ असतंच, शिवाय ते गुळगुळीत वितळावं म्हणून सोडियमचे क्षार घातलेले असतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसभरात मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा. आपल्या लोणच्या-पापडातलं मीठही त्यातच मोजायचं.

"मग चीज नको तर पिझ्झा कसला?" असं कोणीतरी मागे पुटपुटलं. ऐकू आलं मला. अहो, इटलीतल्या नेपल्सलाच विचारा. तिथला सगळ्यात जुन्या प्रकारांपैकी एक म्हणजे मरिनारा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्हचं तेल. चीज अजिबात नाही. मार्गेरिटाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, १८८९ साली मार्गेरिटा राणी आली, तिच्यासाठी झेंड्याच्या तीन रंगांचा पिझ्झा केला वगैरे. इतिहासकार या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत, पण जाहिरातीला बरी आहे. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. त्यांच्या पिठात पीठ, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच; साखर नाही, तेल नाही. भट्टी साडेचारशे अंशांच्या वर तापलेली, त्यामुळे पिझ्झा दीड मिनिटात बाहेर. आपला ओटीजी, म्हणजे घरचा छोटा ओव्हन, २५०वर थांबतो. तेवढ्या उष्णतेत तो वेळ घेतो, वेळ घेतला की वाळतो, आणि वाळला की आपण तेल आणि चीज वाढवतो. सगळा घोळ इथून सुरू होतो.

त्यावर उपाय घरातच आहे. लोखंडी तवा. ओटीजी असेल तर तवा उपडा करून आत ठेवा, अर्धा तास २५०वर तापू द्या आणि त्याच्या पाठीवर पिझ्झा भाजा, सात-आठ मिनिटांत होतो. नसेल तर गॅस. आज गॅसवरच दाखवते.

हे पीठ काल रात्री नऊला भिजवलं. २०० ग्रॅम कणीक, १०० ग्रॅम मैदा. हो, मैदा! निव्वळ कणकेचा मी खूप वेळा करून पाहिला. कोंड्याचे कण ग्लुटेनच्या, म्हणजे पीठ धरून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या, तारा कापतात, त्यामुळे पीठ फुगायला कुरकुरतं, आणि पातळ लाटलं तर पापड होतो. घरच्यांनी तो मुकाट्याने खाल्ला आणि रात्री उशिरा शेजारच्या वडेवाल्याकडे गेले. तेव्हापासून एक हिस्सा मैदा. ज्वारी किंवा नाचणी घालायची असेल तर कणकेतली मूठभर कमी करून तेवढीच घाला, त्यांच्यात ग्लुटेन नसतं. पाणी २२० मिली, म्हणजे पोळीच्या कणकेपेक्षा बरंच सैल, हाताला चिकटणारं. कोंडा पाणी पितो, त्याला वेळ द्यावा लागतो. मीठ एक लहान चमचा. यीस्ट पाव चमचा, फक्त पाव. एकदा मे महिन्यात मी पाकिटावर लिहिलंय म्हणून भरलेला चमचा घातला आणि बाजारात गेले. परत येते तर पीठ पातेल्यातून उतरून ओट्यावर फिरायला निघालेलं. मुंबईच्या उकाड्यात यीस्टला आवरावं लागतं. अर्धा तास बाहेर, मग रात्रभर फ्रिजमध्ये. सावकाश आंबलं की चव येते, आणि चव आली की चीज कमी पडल्याचं जाणवत नाही. करायच्या तासभर आधी बाहेर काढायचं. एवढ्यात चार गोळे होतात, म्हणजे माणशी पाऊणशे ग्रॅम कोरडं पीठ.

सॉस शिजवतच नाही. लांबट, गरदार टोमॅटो किसणीवर किसा, साल हातात राहते. गाळणीत दहा मिनिटं ठेवा, खाली उतरलेलं पाणी साराला. गरात ठेचलेला लसूण, चिमूटभर मीठ, संपलं. बाजारच्या केचपमध्ये १०० ग्रॅममागे २० ग्रॅमहून जास्त साखर असते, ते पिझ्झ्यावर थापणं म्हणजे मुरांबा लावणं. ओरेगानोची पुडी नसली तर गॅलरीतल्या कुंडीकडे बघा. आपण ज्याची भजी करतो, ती ओव्याची जाड पानं. ओरेगानोला जो वास आहे, तो ज्या द्रव्यामुळे येतो, ते या पानांतही असतं. एकच पान बारीक चिरा, जास्त घातलंत तर खोकल्याच्या काढ्याची आठवण येईल.

भाज्यांबद्दल थोडक्यात. मश्रूम, सिमला मिरची, कांदा पाणी सोडतात आणि बेस लिबलिबीत होतो, म्हणून आधी कोरड्या तव्यावर परतून घ्या. भरताच्या वांग्याचा गर मला सगळ्यात आवडतो. आणि चीजच्या जागी पसरायला चक्का! लसूण, मिरपूड घालून. वर सुक्या लसणीच्या चटणीची चिमूट. इटालियन माणूस रागावेल, पण तो दादरला राहत नाही.

आता चीज. मोझरेला माणशी २५ ग्रॅम, पंचाहत्तर कॅलरी. फ्रिजरमध्ये अर्धा तास ठेवून किसणीच्या बारीक बाजूने किसा, दुप्पट दिसतं. पाकिटावर चीजऐवजी 'अ‍ॅनालॉग', म्हणजे चीजची नक्कल, असं असेल, किंवा घटकांत पाम तेल दिसलं, तर ते परत मांडणीवर ठेवा. शाकाहारी मंडळींनी परदेशी पार्मेझान घेताना हिरवा ठिपका बघावा, पारंपरिक पार्मेझान वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात.

तवा तापला. गोळा लाटायचा नाही, बोटांनी पसरायचा. दोन मिनिटं एक बाजू, हे बघा फोड आले. आता उलटायचा, भाजलेली बाजू वर. तिच्यावर सॉस, वांगं, चीज. कच्च्या बाजूवर सॉस घातला तर पीठ ओलं राहतं, बहुतेकींची चूक इथेच होते. झाकण, गॅस बारीक, चार मिनिटं. शेवटी तेल एक छोटा चमचा. सगळं मिळून चारशेच्या आसपास कॅलरी.

तोवर प्रश्न घेते. बाहेर मागवताना काय? छान विचारलंत. आकारापासून सुरुवात करा. ७ इंची आणि १० इंची यांत फरक तीन इंचांचा वाटतो, पण क्षेत्रफळ ३८ चौरस इंचांवरून ७८वर जातं, दुप्पट. "थोडासाच मोठा घेऊ या" म्हणजे दोन पिझ्झे. पातळ क्रस्ट मागा, आणि क्रस्टच्या आत चीज भरलेला प्रकार तर नकोच. सोबतची गार्लिक ब्रेड आणि कोल्ड्रिंक पिझ्झ्याहून वाईट. २५० मिली बाटलीत साधारण २६ ग्रॅम साखर. घरून काकडीची कोशिंबीर करून ठेवा, पिझ्झा येईपर्यंत ती संपवा.

नातवाला चीजच्या तारा लागतात? मग त्याचं चीज सगळीकडे शिंपडू नका काकू, मधोमध एकाच जागी घाला. तेवढ्याच चीजची तार निघते, आणि त्याला पहिला घास मधूनच खायचा असतो.

झाकण काढते. तळ बघा, काळे ठिपके आले पाहिजेत. याचे आठ तुकडे होतील, आणि तुम्ही चाळीस जणी आहात. पुढच्या रांगेने ताटली अडवून धरू नका. दुसरा गोळा तव्यावर टाकते आहे.